एकच किल्ला, एकच किल्लेदार: नागपुरातल्या एका मरीन टाकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मनीषनगरातला दुसऱ्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट. वडील बँकेत, आई शाळेत शिक्षिका, मुलगी नववीत. गोड्या पाण्यातले मासे या घरात सहा-सात वर्षं नीट जगले होते. दिवाळी आटोपल्यावर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात खाऱ्या पाण्याची टाकी लागली.

टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काचेच्या मापाने साधारण २५५ लिटर. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा करून, खालचा सम्प (टाकीखालची, यंत्रं आणि गाळणी ठेवायची छोटी टाकी) धरून प्रत्यक्ष पाणी साधारण २४० लिटर. मीठ लिटरला ३७ ग्रॅमच्या हिशेबाने ९ किलोच्या आसपास लागलं. कोरडा दगड २२ किलो, अ‍ॅरागोनाइट वाळू २० किलो, स्किमर (पाण्यातली घाण फेसावाटे काढणारं यंत्र), दोन वेव्हमेकर (पाण्यात झोत फिरवणारे पंप). दुकानात समुद्रातून काढलेला ‘जिवंत दगड’ही देऊ केला होता. तो घेतला नाही, ते बरं झालं. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे, त्यामुळे दगडावर चिकटून आलेलं प्रवाळही घरात असणं अडचणीचं.

पाण्याच्या बाबतीत एक चूक सुरुवातीलाच सापडली. घरच्या आरओतून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ७० दाखवत होता. पिण्याच्या आरओत चवीसाठी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी मिसळतो. व्हॉल्व्ह बंद केला, पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) नळी जोडली आणि आकडा शून्यावर आला. पेंच-कन्हानचं पाणी पिण्याला चांगलंच आहे, पण त्यातले क्षार आणि क्लोरीन मरीन टाकीत नको असतात.

यंत्रसामग्री म्हणाल तर काही कमी नव्हतं. बिघडलं ते माशांच्या निवडीत, आणि त्याहून जास्त ते कोणत्या क्रमाने आले त्यात.

अडचण

तिसऱ्याच दिवशी चार डॅमसेल मासे आले. “पाणी पिकवायला डॅमसेल टाका जी, मरत नाहीत ते,” असा दुकानदाराचा सल्ला. पाणी पिकवणं म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत तयार होऊ देणं. एक डॉमिनो, म्हणजे काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला, दोन निळे आणि एक पिवळ्या शेपटीचा. डॉमिनो तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढा होता. अमोनिया चढला, एक निळा गेला, बाकीचे तगले. सल्ला अर्धा खरा ठरला.

२० डिसेंबरला ऑसेलारिस क्लाउनची जोडी आली. जानेवारीच्या मध्यात एकाच खेपेला दोन फायरफिश, एक कोरल ब्यूटी (छोटा एंजल मासा) आणि मुलीच्या हट्टाखातर ६ सेंटिमीटरचा निळा टँग. दुकानातल्या तक्त्यावर ही सगळी नावं ‘जुळणारे’ या एकाच रकान्यात होती.

तोवर डॉमिनो दुप्पट झाला होता. मुलीने एक वही केली होती, त्यात त्या आठवड्याची नोंद आहे: “सकाळी ७. काळा दोन्ही लाल शेपट्यांच्या मागे. त्या काचेला चिकटून.” काळा म्हणजे डॉमिनो, लाल शेपट्या म्हणजे फायरफिश. चौथ्या दिवशी एक फायरफिश फरशीवर वाळलेला मिळाला. वरच्या काचेत पाइप जाण्यासाठी दोन बोटांची फट ठेवलेली होती, तो नेमका तिथूनच उडाला. दुसरा ओव्हरफ्लोच्या (पाणी सम्पमध्ये उतरतं त्या कप्प्याच्या) मागे जाऊन बसला. खायला बाहेर येईना, अकराव्या दिवशी तिथेच मेलेला सापडला. लहान क्लाउनची शेपटी फाटलेली. “बाबा, काळा पुन्हा मारून राहिला,” हे त्या घरातलं रोजचं वाक्य झालं.

जानेवारी संपता संपता टँगच्या अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे कण दिसले. तिसऱ्या दिवशी ते कमी झाले आणि सगळ्यांना हायसं वाटलं. पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा आले, यावेळी क्लाउनवरही.

नेमकं काय बिनसलं होतं

पांढरे कण कमी होणं हे बरं होण्याचं लक्षण नसतं. हा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, माशाच्या कातडीत काही दिवस खातो, मग गळून वाळूत किंवा दगडावर कवच करून बसतो. त्या कवचात त्याची शेकडो पिल्लं तयार होतात आणि पुन्हा माशाचा शोध घेतात. मधल्या काळात मासा स्वच्छ दिसतो, आणि लोक नेमके त्याच वेळी गाफील राहतात. टँग या रोगाला फार लवकर बळी पडतो. त्यात पाठलाग, उपासमार आणि लपायला जागा नसणं यांनी उरलीसुरली प्रतिकारशक्तीही जाते. मारामारी आणि रोग अशा दोन वेगळ्या तक्रारी वाटत होत्या, पण मुळाशी गोष्ट एकच होती.

ते मूळ सापडलं वहीत. मुलीने टाकीच्या दर्शनी काचेचं चित्र काढून एकेक फुटाचे चार भाग पाडले. सकाळी, संध्याकाळी पाचला आणि दिवा मालवायच्या आधी दहा-दहा मिनिटं बसून कोणता मासा कुठे आहे आणि कोण कोणाला हाकलतो, याच्या खुणा केल्या. आठ दिवसांत चित्र स्पष्ट झालं. चारपैकी तीन फूट डॉमिनोचे होते. उरलेल्या एका फुटात, पंपाच्या बाजूला, बाकी सगळे.

दगडांची रचना पाहिली की याचं नवल वाटत नाही. २२ किलो दगड मागच्या काचेला टेकवून एक लांब भिंत उभी केली होती आणि मधोमध एक मोठी गुहा. फोटोत छानच दिसते. पण त्या गुहेच्या तोंडाशी बसलेल्या माशाला दोन्ही टोकांपर्यंत सगळं दिसतं. किल्ला एकच, तेव्हा किल्लेदारही एकच. आणि जो सगळ्यात आधी आला, ज्याने रिकाम्या टाकीत सहा आठवडे एकट्याचं राज्य केलं, तोच किल्लेदार होणार. डॉमिनो स्वभावाने भांडखोर आहेच. पूर्ण वाढीला तो १३-१४ सेंटिमीटर होतो, आणि हे माप टँग सोडला तर बाकीच्या पाहुण्यांच्या दीडपट-दुप्पट आहे.

निळ्या टँगचा हिशेब तर आणखी सोपा होता. पूर्ण वाढीला ३० सेंटिमीटर, दिवसभर सरळ रेषेत पोहणारा मासा. चार फुटांच्या टाकीत तो कधीच बसत नव्हता. दुकानात ६ सेंटिमीटरचा मिळतो, एवढाच त्याचा मोह.

समोर असलेले पर्याय

पहिला सल्ला आला तो तांब्याचं औषध थेट मोठ्या टाकीत टाकण्याचा. बाटली विकतही आणली होती. हा पर्याय बाद करणं सगळ्यात महत्त्वाचं ठरलं. दगड आणि वाळू तांबं शोषतात, त्यामुळे औषधाची पातळी कधी टिकत नाही, आणि पुढे त्या टाकीत झिंगे, गोगलगायी जगतील याची खात्री राहत नाही.

दुसरा, फक्त डॉमिनो काढायचा. मारामारी थांबली असती, पण परजीवी वाळूत तसाच. शिवाय किल्ला रिकामा झाला की निळा डॅमसेल त्यात शिरणार, हे वहीतल्या खुणांवरून दिसतच होतं. डॉमिनोखालोखाल त्याच्याच नावावर सर्वांत जास्त पाठलाग होते.

तिसरा पर्याय ऐकायला विचित्र, पण विचार करण्यासारखा: डॉमिनोलाच मालक मानून त्याच्या तोडीचे मासे ठेवायचे, लायनफिश, ट्रिगर, गडद लाल ‘मरून’ जातीचा क्लाउन. अशा टाक्या चालतात, पण सहा फुटांच्या. चार फुटांत लायनफिशसमोर लहान मासा म्हणजे जेवण, आणि ट्रिगरसमोर झिंगा म्हणजे नाश्ता.

चौथा, सहा फुटांची टाकी. ६ × २ × २ फूट म्हणजे ६८० लिटर, मीठ २५ किलो, आणि काच-दगड-पाणी मिळून टनाच्या घरातलं वजन, तेही भाड्याच्या फ्लॅटच्या स्लॅबवर. घरमालकाला विचारायचीही कुणाची छाती झाली नाही.

पाचवा, सगळे मासे बाहेर काढून उपचार करायचे, टाकी परजीवी मरेपर्यंत माशांविना चालू ठेवायची, दगड नव्याने रचायचे आणि मासे ठरवलेल्या क्रमाने परत सोडायचे. सर्वांत वेळखाऊ, सर्वांत कंटाळवाणा. तोच निवडला.

काय केलं

१० फेब्रुवारीला मासे काढले. जाळीने डॅमसेल पकडण्याचा प्रयत्न दोन संध्याकाळी फसला होता. दगड असताना तो पकडला जातच नाही. शेवटी पाणी सायफनने ड्रममध्ये काढून १५ सेंटिमीटरवर आणलं, दगड एकेक करून उचलले, मग सातही मासे वीस मिनिटांत हातात आले. तेच पाणी नंतर परत भरलं.

उपचाराची टाकी २ फुटांची, ६५ लिटर. स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला दोन इंची पीव्हीसीचे एल्बो आणि टी. डॉमिनो आणि निळा डॅमसेल वेगळ्या ५० लिटरच्या टबात, मध्ये लाइटच्या डिफ्यूझरच्या चौकोनी जाळीचा पडदा. चिलेटेड तांबं (दुसऱ्या रेणूंशी बांधलेलं, म्हणून पाण्यात टिकणारं) २ ते २.२५ मिलिग्रॅम प्रतिलिटर, ३० दिवस, रोज मोजून. तांबं चालू असताना अमोनिया बांधणारी द्रावणं टाकायची नाहीत, कारण त्यातली काही तांब्याचं रूप बदलून ते अधिक विषारी करतात. अमोनिया चढला की पाणी बदलायचं आणि बदललेल्या पाण्यात तितकंच तांबं आधी मिसळून घ्यायचं.

कोरल ब्यूटी नवव्या दिवशी गेली. छोटे एंजल तांब्याला नाजूक असतात. पातळी चार दिवसांत हळूहळू वर न्यायची होती, ती दोन दिवसांत नेली. पांढरे कण वाढताना दिसले की हात घाई करतोच, पण इथे ती घाई महागात पडली.

मोठी टाकी ७६ दिवस माशांविना राहिली. परजीवीला यजमान मिळाला नाही की तो मरतो, आणि हा काळ सुरक्षित धरतात. जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून आठवड्यातून दोनदा गोठवलेल्या कोळंबीचा वाटाण्याएवढा तुकडा टाकला.

याच काळात दगड नव्याने रचले. तीन वेगळे ढीग केले: डावीकडे १४ इंच रुंद, मध्ये ८, उजवीकडे १२. दोन ढिगांमध्ये ७ इंचांची मोकळी वाळू. डावीकडच्या गुहेतून उजवीकडचं काही दिसत नाही. प्रत्येक गुहेला मागून दुसरं तोंड ठेवलं, म्हणजे पळणारा मासा कोंडला जात नाही. दगड वाळूवर न ठेवता थेट काचेवर टेकवले आणि वाळू भोवती भरली. बिळात राहणारा गोबी मासा आणि बीळ खणणारा झिंगा येणार होते. तो दगडाखालची वाळू उकरतो आणि एक दिवस ढीग कोसळतो.

१६ मार्चला तांब्याचे ३० दिवस संपले. ऊन तापायच्या आत डॉमिनो, निळा डॅमसेल आणि टँग सहा फुटांची टाकी असलेल्या दुसऱ्या एका हौशी माणसाकडे गेले. टँग देताना मुलगी दोन दिवस बोलली नाही. वहीत मात्र तिने त्याची लांबी आणि टाकीची लांबी शेजारी शेजारी लिहून ठेवली आहे.

२७ एप्रिलचा पेच

या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय इथे आला. कागदावरचा क्रम पक्का होता: आधी लाजाळू मासे, मग मध्यम, क्लाउन त्यानंतर, आणि पिवळ्या शेपटीचा डॅमसेल सर्वांत शेवटी. २७ एप्रिलला ७६ दिवस भरले, टाकी तयार. पण नवे लाजाळू मासे आणायचे कुठून? मुंबई किंवा चेन्नईहून पिशव्यांत निघालेला मासा मे महिन्यात नागपुरात उतरतो तेव्हा बाहेर ४४-४५ अंश असतात. पिशवीतलं पाणी तापतं, त्यातला ऑक्सिजन घटतो. जुलैपर्यंत काही मागवायचं नाही, हे उघड होतं.

मग तोवर क्लाउन आणि पिवळी शेपटी ६५ लिटरमध्येच ठेवायचे का? त्या टाकीचं पाणी दुपारी ३२ अंशांवर जात होतं. पाव अश्वशक्तीचा चिलर एकच, तो मोठ्या टाकीला. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना साधारण ६.८ मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ६.२. पाणी तापतं तशी माशाची गरज मात्र वाढते.

क्रम मोडला. क्लाउन आधी टाकीत सोडले. ते राज्य प्रस्थापित करणार हे धरूनच चाललं, पण ऑसेलारिस आपल्या ठिकाणाभोवती फूटभरच राखतो, डॉमिनोसारखा पूर्ण टाकीवर फिरत नाही. डाव्या ढिगाजवळ वेव्हमेकरचा संथ झोत ठेवला आणि खाणं पहिले दोन आठवडे तिथेच दिलं. ते तिथेच रुजले.

पिवळ्या शेपटीला मात्र सम्पच्या मधल्या कप्प्यात ठेवलं. पाणी तेच, थंडावा तोच, राज्य मिळत नाही. पंपाच्या तोंडाला प्लास्टिकची जाळी बांधायला विसरायचं नाही, एवढंच. तो सप्टेंबरअखेरपर्यंत तिथे ठणठणीत राहिला. सम्पचा असा उपयोग फार कमी लोक करतात.

उन्हाळ्याची एक खास नागपुरी गोष्ट. एप्रिलच्या कोरड्या हवेत सम्पवरचे पंखे पाणी छान थंड करत होते, पण बाष्पीभवन दिवसाला ५ लिटरपर्यंत गेलं. ५ लिटर म्हणजे २४० मधले दोन टक्के. भरपाई मिठाच्या पाण्याने करायची नसते, फक्त शून्य टीडीएसच्या पाण्याने, कारण मीठ उडत नाही. मग हॉलमध्ये डेझर्ट कूलर सुरू झाला आणि पाणी दोन-अडीच अंशांनी चढलं. कूलरने हवा ओली होते, ओल्या हवेत पंख्याचं काम संपतं. तेव्हापासून सगळा भार चिलरवर, आणि चिलर मागच्या बाल्कनीत, कारण हॉलमध्ये ठेवला तर त्याचीच गरम हवा खोलीत फिरते.

झाकणही बदललं. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडून अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत नायलॉनची जाळी बसवून घेतली, पाइपभोवती कापून घट्ट. काचेच्या झाकणाने बाष्पीभवन कमी होतं खरं, पण पाण्याचा श्वासही कोंडतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एक फायरफिश आणि एक पिवळा वॉचमन गोबी आले. फायरफिश यावेळी एकच, कारण दोघांचं जमेलच असं नाही. ३० दिवस क्वारंटाइन, मग उजव्या ढिगाजवळ भोकं पाडलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत चार दिवस. क्लाउनची मादी, जोडीतली मोठी ती, दोन दिवस पेटीला टोचत राहिली, तिसऱ्या दिवशी कंटाळली. पेटी तेव्हाच उघडायची. टोचणं चालूच राहिलं तर थांबायचं.

सप्टेंबरमध्ये बँगाई कार्डिनलची आधीच जमलेली जोडी सोडली. पिस्तूल झिंगा महिनाअखेरीस, ७६ दिवस माशांविना वेगळ्या टबात राहून आला. झिंग्याला तांबं देता येत नाही, म्हणून ही वाट पाहणं. तो आणि गोबी पहिल्याच रात्री एका बिळात गेले. झिंगा खणतो, गोबी तोंडाशी पहारा देतो. सर्वांत शेवटी पिवळी शेपटी, मधल्या ढिगात.

निष्पत्ती

टाकीत आता सात मासे आणि एक झिंगा. क्षारता ३५, तापमान २६ अंश, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १५ च्या आत. पांढरे कण परत दिसलेले नाहीत. खाणं दोन टोकांना एकाच वेळी दिलं जातं, म्हणजे एकाच माशाला दोन्हीकडे पुरं पडता येत नाही.

हिशेब मात्र कोरा नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत चार मासे मेले: एक निळा डॅमसेल, दोन फायरफिश, एक कोरल ब्यूटी. त्यातला एकही ‘न जुळणाऱ्या’ यादीतला नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

डॅमसेलने पाणी पिकवण्याची गरजच नव्हती. अमोनियम क्लोराइडचं द्रावण टाकून अमोनिया २ मिलिग्रॅम प्रतिलिटरवर नेला आणि चोवीस तासांत अमोनिया-नायट्राइट दोन्ही शून्य होईपर्यंत चार ते सहा आठवडे थांबलं, तर रिकाम्या टाकीत मालक तयार होत नाही. या एका बदलाने पुढचं निम्मं टळलं असतं.

क्वारंटाइनची टाकी मोठ्या टाकीच्या आधी हवी. ती नव्हती म्हणून जानेवारीच्या एका खेपेत आलेला रोग सगळ्यांत पसरला.

मासा घेताना दुकानात दोन प्रश्न पुरेत: पूर्ण वाढीला किती होतो, आणि माझ्यासमोर खाऊन दाखव. क्लाउन घेताना तिसरा: पैदाशीचा आहे की समुद्रातून पकडलेला? केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्रात क्लाउनची पैदास करून दाखवलेली आहे, तेव्हा पैदाशीचा मासा मागण्यात काही चूक नाही. टाकीत जन्मलेला मासा खाद्याची गोळी लवकर खातो.

आणि टाकी लावायचा महिना. दिवाळीनंतर सुरुवात केली की मासे वाढायला आणि बिघाड व्हायला बरोबर उन्हाळा गाठतो. जुलैत सुरुवात केली असती तर दुरुस्तीसाठी आठ महिने हातात राहिले असते.

एक गोष्ट अजून चालू आहे. डिसेंबरमध्ये क्लाउनच्या मादीने डाव्या ढिगातल्या सपाट दगडावर अंडी घातली. तेव्हापासून ती काच पुसणाऱ्या हातालाही चावते, आणि वहीतल्या नकाशात तिच्या नावावर एकाऐवजी दोन फूट झाले आहेत. पिवळी शेपटी मधला ढीग सोडून उजवीकडे सरकली आहे, म्हणजे फायरफिशच्या बिळापासून जेमतेम ९ इंचांवर. फायरफिश अजून खायला बाहेर येतो, पण पूर्वीपेक्षा उशिरा. अ‍ॅक्रिलिकची पेटी धुऊन सम्पशेजारी ठेवली आहे.